नोकरी सोडून डॉक्टर व्हायचंय: ठाणे-नवी मुंबईकर मला नेहमी विचारतात ते प्रश्न

ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत १२ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, मुंबईतल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. राहते ठाण्यात, नौपाड्यात. आता शेवटच्या वर्षाला आहे. सोसायटीतल्या, जुन्या ऑफिसातल्या किंवा लेकीच्या शाळेच्या ग्रुपवरच्या कुणाची तरी नणंद नाहीतर मेहुणा डॉक्टर व्हायच्या विचारात असतो आणि माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय. नियम दरवर्षी थोडेफार सरकतात, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच. माझ्यावर विसंबून राहू नका.

वयाची अट आहे का?

कमीत कमी वय १७ लागतं, वरची मर्यादा नाही. २०१८ मध्ये खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० अशी मर्यादा घातली होती. त्यावर कोर्टकज्जे झाले आणि मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, नीट-यूजीला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेला, वयाची वरची मर्यादा नसल्याचं जाहीर केलं. परीक्षा किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही.

ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी २०२० मध्ये ६४व्या वर्षी नीट पास होऊन बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखल झाले. ही बातमी मला आजवर निदान वीस जणांनी फॉरवर्ड केली असेल. बातमी खरी आहे. पण ते निवृत्तीनंतर गेले, आपण घराचे हप्ते चालू असताना जातो.

कल्याण शेजारीच असल्यामुळे आनंदीबाई जोशींचं नावही हमखास निघतं. त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांना एकविसावंही पुरं झालं नव्हतं. उशिरा निघणाऱ्यांनी बघायचं तर रखमाबाईंकडे बघावं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नावरचा खटला १८८४ ते १८८८ असा चालला, त्यातून सुटल्यावर त्या लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये, तिशीच्या तोंडावर, डॉक्टर झाल्या. त्या काळातली तिशी म्हणजे आजचं किती वय, ते तुम्हीच ठरवा.

मी इंजिनिअर (बीफार्म, एमएस्सी, पीएचडी) आहे. एखादं वर्ष वाचेल का?

एक दिवसही वाचणार नाही. अमेरिकेत पदवीनंतरच मेडिकलला जातात, इंग्लंडमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स असतो. आपल्याकडे तसं काही नाही. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केलेला माणूससुद्धा नीट देऊन पहिल्या वर्षाला बसतो आणि बायोकेमिस्ट्रीचाच पेपर लिहितो.

बारावीला बायोलॉजी नव्हतं. दार बंद?

पूर्वी जवळजवळ बंदच होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीने सूचना काढली. त्यानुसार बारावी झाल्यावर बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी हा जादा विषय मान्यताप्राप्त बोर्डातून पास केला तरी नीटला बसता येतं. बहुतेक जण तो एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देतात. तेवढं एक वर्ष हिशेबात धरा. मी नशीबवान. २००६ मध्ये आमच्या वर्गात 'दोन्ही ठेव, बघू नंतर' म्हणून मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घ्यायची पद्धत होती. त्या 'बघू नंतर'चा उपयोग मला सोळा वर्षांनी झाला.

बारावीचे मार्क बघतात का?

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के, आणि इंग्रजी पास. एवढं असलं की पुढे सगळं नीटवर. तुमच्या पदवीचे मार्क आणि नोकरीतलं प्रमोशन यांना तिथे कुणी विचारत नाही.

नोकरी सांभाळून नीट काढता येईल?

मी प्रयत्न केला. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरून होतं, म्हणून २०२० च्या दिवाळीपासून सकाळी पाच ते आठ आणि रात्री एक तास असा अभ्यास धरला. १२ सप्टेंबर २०२१ च्या परीक्षेत ४११ आले. पास झाले, पण त्या मार्कांत मला महाराष्ट्रात सरकारी कॉलेजाच्या दारात उभं केलं नसतं. ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड एचआरशी रडून-भांडून दीड महिन्यावर आणला आणि जुलै २०२२ मध्ये ५९३ मिळवले.

म्हणून माझं मत: पहिला प्रयत्न नोकरी ठेवून करा. त्यात आपण कुठे आहोत ते कळतं आणि पगारही थांबत नाही. त्या मार्कांत दम दिसला तरच राजीनाम्याचा विचार करा. आधी राजीनामा देऊन मग एनसीईआरटीच्या (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या) पुस्तकाचं पहिलं पान उघडणारे दोघं मला माहीत आहेत. दोघंही आज जुन्याच क्षेत्रात परत आहेत, आधीपेक्षा कमी पगारावर.

अभ्यासाचं सांगायचं तर पेपर ७२० मार्कांचा असतो आणि त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे. २०२५ पासून पुन्हा जुन्या पद्धतीने १८० प्रश्न आणि तीन तास. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. आमच्या वेळी २०० पैकी १८० सोडवायचे होते आणि २०२२ पासून वीस मिनिटं जास्त मिळायची, तेव्हा त्या वर्षांचे पेपर सोडवताना हे लक्षात ठेवा. बायोलॉजी म्हणजे अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं, ओळ न् ओळ, आकृतीखालच्या बारीक अक्षरांसकट. ज्यांची बारावी महाराष्ट्र बोर्डातून झाली त्यांना ही पुस्तकं परकी वाटतात. पंधरा दिवस वाटतात, मग सवय होते. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, मीही तिथूनच आणली होती. पण २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातून बरीच काटछाट झालीय, त्यामुळे जुनं पुस्तक घेतलंत तर नव्या यादीशी ताडून धडे खोडून टाका.

फिजिक्सने इंजिनिअरनाही घाम फुटतो. सूत्र आठवतं, पण हात चालत नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या रिॲक्शन मी ओट्यासमोरच्या टाइल्सवर स्केच पेनने लिहायचे. फोडणीच्या तेलाने त्या पुसट व्हायच्या की परत लिहायचे. तीन-चारदा पुसल्या गेल्या की पाठ.

पेपर मराठीतूनही देता येतो. ज्यांचं विज्ञान मराठीतून पक्कं आहे त्यांनी लाजू नये. पुढे कॉलेजात मात्र पुस्तकं, लेक्चर, व्हायवा (तोंडी परीक्षा) सगळं इंग्रजीतूनच चालतं.

क्लास लावावा का?

गोखले रोडवर, वाशीत, नेरूळमध्ये क्लासना तोटा नाही. पण त्या बॅचेस सतरा वर्षांच्या मुलांच्या वेळा आणि पालकांचे खिसे बघून बेतलेल्या असतात. मी फक्त टेस्ट सिरीज लावली. तुमची शिस्त कच्ची असेल तर लावा.

किती मार्क लागतात?

इथे पास होणं आणि सीट मिळणं यांत लोक गल्लत करतात. खुल्या गटाचा पात्रतेचा आकडा २०२४ मध्ये १६२ होता, २०२५ मध्ये पेपर अवघड गेल्याने १४४ वर आला. पण १४४ मध्ये सरकारी सीट मिळत नाही. सीटचा कटऑफ त्याच्या कितीतरी वर असतो आणि पेपरच्या काठिण्याप्रमाणे वर्षागणिक शंभर-शंभर मार्कांनीही हलतो. म्हणून 'किती मार्क' असं विचारू नका, 'ऑल इंडिया रँक किती' असं विचारा आणि राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या याद्या रँक लावून बघा.

दुसरं म्हणजे ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. सीमाभाग, सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं असे काही अपवाद आहेत. इंदूर-बडोद्यात शिकलेल्या आणि आता वाशीत वीस वर्षं राहिलेल्या एका ताईंना हे शेवटच्या आठवड्यात कळलं. नाव मराठी, घर नवी मुंबईत, तरी त्या राज्य कोट्याबाहेर.

ठाणे-नवी मुंबईत कॉलेजं कोणती?

कळव्याला ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेलं. जिल्ह्यात अंबरनाथला २०२४ पासून १०० जागांचं सरकारी कॉलेज सुरू झालंय. नेरूळमध्ये डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्यात एमजीएम. यांतली डी. वाय. पाटील आणि एमजीएम ही अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आहेत, त्यांच्या जागा दिल्लीच्या एमसीसीमार्फत, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत भरतात. तिथे राज्याचा कोटा, राज्याचं आरक्षण नाही. तेरणाचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात. ऑप्शन भरताना 'घराजवळचं आधी' हा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, आधी फी बघा.

एकूण खर्च किती येतो?

सगळ्यांना फी विचारायची असते. फी हा हिशेबाचा छोटा तुकडा आहे.

सरकारी कॉलेजात वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास फी. दीड धरा, साडेचार वर्षांचे पावणेसात लाख. आता दुसरा आकडा. माझा हातात येणारा पगार महिन्याला १ लाख २० हजार होता. साडेपाच वर्षं (साडेचारचा कोर्स आणि वर्षाची इंटर्नशिप), म्हणजे ६६ महिने तो आला नाही तर ७९ लाख २० हजार. इंटर्नशिपला राज्य सरकारच्या कॉलेजात महिना १८ हजार विद्यावेतन मिळतं, वर्षाचे २ लाख १६ हजार. ते वजा करून बघा किती फरक पडतो. म्हणजे 'स्वस्त' सरकारी सीटही मला पाऊण कोटीच्या वर पडतेय, आणि त्यात पगारवाढ धरलेलीच नाही.

अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस लाखांच्या पुढेच फी जाते. वीस धरले तरी साडेचार वर्षांचे ९० लाख, त्यावर बुडालेला पगार. तिशीपुढच्या माणसाने हा सौदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पिढीजात हॉस्पिटल असेल तर तुमचं गणित वेगळं, तुम्ही हे वाचतही नसाल.

राजीनाम्याआधी करायच्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी निदान काही महिने आधी घेऊन ठेवा, कारण आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड असतो. टर्म इन्शुरन्स पगाराची स्लिप असतानाच काढा, विद्यार्थ्याला तो कुणी धड देत नाही. होमलोनचे निदान वर्षभराचे हप्ते बाजूला काढा. आणि पीएफ मोडू नका. मी मोडला.

शैक्षणिक कर्ज मिळतं का?

मिळतं. लग्न झालेल्यांना जोडीदार सहकर्जदार चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतही. एरवी हप्ते कोर्स अधिक एक वर्ष थांबतात, व्याज मात्र चढत राहतं. चाळिशीत पदवी मिळाली आणि पंधरा वर्षांची फेड असली तर पंचावन्नापर्यंत हप्ते. बँकेच्या साहेबांनी मला हे हसत हसत सांगितलं. मी नाही हसले.

शिकता शिकता फ्रीलान्स कामं करता येतील?

थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. एमबीबीएस पत्राद्वारे होत नाही, संध्याकाळचं होत नाही. पहिल्या वर्षी मी शनिवार-रविवारी एका जुन्या क्लायंटचं टेस्टिंग केलं. फिजिओलॉजीच्या पहिल्या इंटर्नलमध्ये काठावर पास झाले आणि काम सोडून दिलं.

पहिलं वर्ष हलक्यात घेऊ नका. ते पास व्हायला चारच प्रयत्न मिळतात आणि पूर्ण कोर्स प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावा लागतो.

अठरा वर्षांच्या मुलांमध्ये अवघडल्यासारखं होत नाही?

प्रवेशाच्या दिवशी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं. मी क्लार्कना म्हटलं, मीच एका मुलीची पालक आहे. ते म्हणाले, मॅडम, फॉर्मात रकाना आहे, रिकामा ठेवता येत नाही. मग अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे ७१ वर्षांचे बाबा लोकल पकडून आले. खिडकीसमोरच्या बाकावर बसून, चष्मा लावून त्यांनी एकेक कलम वाचलं. मागे रांग खोळंबली. सही करायच्या आधी क्लार्कना विचारलं, "ही रॅगिंग करणार नाही हे मी लिहून देतो. हिची कुणी केली तर काय, ते यात कुठंय?"

कुणी केली नाही. पोरं पहिल्या आठवड्यात 'मॅम' म्हणायची, मग 'ताई' झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री 'ताई, इम्पॉर्टंट काय काय?' असे मेसेज येतात, जणू माझ्या वयामुळे मला पेपर आधी दिसतो. खरी गंमत एका असिस्टंट प्रोफेसरांबरोबर. त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी त्यांना 'मॅडम', त्या मला 'अहो'. व्हायवात मात्र अहो-जाहो करत सोलून काढतात.

एकटेपणा असतो, पण तो वेगळीकडे. मुलं हॉस्टेलवर रात्री एकत्र बसून निम्मा अभ्यास तोंडी करतात, नोट्स तिथेच फिरतात. मी तेव्हा ठाण्याची गाडी पकडलेली असते. यावर उपाय म्हणून मी दोघी मैत्रिणी ठरवून धरल्या. त्या नोट्स देतात, मी त्यांना घरचं जेवण देते.

या वयात पाठ होतं का?

होतं, पण हळू. अठराच्या पोराला दोनदा वाचून लक्षात राहतं, मला पाचदा लागतं. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं, मी दोन महिने रोज काढत होते. लोकलमध्ये पेन्सिलने, डब्याच्या पेपर नॅपकिनवर, पावसाळ्यात खिडकीच्या वाफेवर. पाच मुळं, तीन खोडं, सहा फांद्या, तीन दोर. सात वर्षांची लेक 'झाड काढतेस का' म्हणत शेजारी बसायची आणि एक दिवस तिने माझी चूक काढली: "आई, इथून दोन निघतात."

वयाचा फायदा दुसरीकडे होतो. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, त्यांच्या घरी अधूनमधून जाऊन तब्येतीची चौकशी करायची. माझ्या वाट्याला भिवंडी तालुक्यातली घरं आली. तिथल्या एका आजींनी बरोबरच्या मुलांना 'सगळं बरंय बाळा' म्हणून वाटेला लावलं. मी चुलीपाशी टेकले, भाकऱ्यांच्या पिठाबद्दल बोलले, आणि अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या की साखरेची गोळी चार महिन्यांपासून बंद आहे, सुनेला सांगू नको. असल्या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. बारा वर्षं क्लायंटच्या तक्रारी ऐकून घेतल्याने आल्या असाव्यात.

डिसेक्शन, रक्त वगैरे झेपतं का?

रक्ताची सवय होते. मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिनचा वास मात्र जात नाही. डिसेक्शनच्या दिवशी डोळे चुरचुरायचे आणि संध्याकाळी लेडीज डब्यात शेजारची बाई नाक मुरडून सरकून बसायची. गर्दीच्या वेळी ठाण्यापर्यंत ऐसपैस जागा, वाईटातही चांगलं. घरी आल्यावर सासूबाई बॅग बाल्कनीतच ठेवायला लावायच्या.

शरीर साथ देतं का?

वॉर्डात तासन् तास उभं राहावं लागतं. माझी कंबर धरते, पोटऱ्या सुजतात. चांगले बूट घ्या, हिपॅटायटिस-बीच्या लसीचे डोस वेळेत पुरे करा आणि चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो गळ्यात अडकवायला लाजू नका. इंटर्नशिपमधल्या रात्रपाळ्या माझ्या अजून यायच्यात, त्यावर आत्ताच बढाया मारत नाही.

घरच्यांना कसं सांगायचं?

मी आधी नवऱ्याला एक एक्सेल शीट दाखवली. आमच्याकडे भावना तशाच व्यक्त होतात. त्यात सहा वर्षांचे रकाने होते: कोणाचा पगार, कोणता हप्ता, लेकीला शाळेतून कोण आणणार, आई-बाबांचं दुखणं निघालं तर कोण जाणार. शेवटचा रकाना रिकामा होता, कारण त्याचं उत्तर नव्हतं. तो अजूनही तसा रिकामाच आहे. नवरा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शीटमध्ये 'गाडी विकणे' अशी एक ओळ वाढली होती.

सासूबाई म्हणाल्या, "चाळिशीला डॉक्टर होऊन आमचंच बीपी तपासणार ना?" आता रोज सकाळी हात पुढे करून बसतात.

जोडीदार मनापासून तयार नसेल तर थांबा, हे मी अगदी निक्षून सांगते. तुमच्या वाट्याला परीक्षा येते, त्यांच्या वाट्याला बाकी सगळं घर येतं, आणि त्यांना मार्कशीट मिळत नाही.

एमडी करायचं म्हटलं तर किती वयाची होईन?

माझंच गणित मांडते. प्रवेश ३४. साडेचार वर्षं कोर्स, एक वर्ष इंटर्नशिप: चाळिशी. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष बंधपत्रित सेवा, म्हणजे बाँडप्रमाणे सरकारी नोकरी. मग नीट-पीजी एका झटक्यात निघाली तरी तीन वर्षं एमडी. म्हणजे ४४-४५, तेही कुठेही न अडखळता. वयाची अट पीजीलाही नाही, पण रेसिडेंटच्या ड्युट्या चोवीस-छत्तीस तासांच्या असतात.

सर्जन, न्यूरो वगैरे डोक्यात घेऊन येणाऱ्यांना मी नाराज करते. फॅमिली मेडिसिन, कम्युनिटी मेडिसिन, मानसोपचार, पॅथॉलॉजी यांचा विचार आधीच करून ठेवा. नुसत्या एमबीबीएसवर जनरल प्रॅक्टिस करणंही कमीपणाचं नाही. घोडबंदर रोडला टॉवर रोज वाढतायत, पण रात्री नऊला मुलाला ताप आला तर जवळचा साधा फॅमिली डॉक्टर सापडत नाही.

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान... एजंट म्हणतो स्वस्तात होईल.

नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार कोर्स निदान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, आणि त्या देशात प्रॅक्टिस करता येईल असा परवाना. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांची पात्रता परीक्षा: ३०० पैकी १५० लागतात, आणि दर खेपेला पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात. मग इथे पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. नीटची पात्रता तर जायच्या आधीच लागते, ती चुकवता येत नाही. घर-संसार इथे ठेवून सहा वर्षं तिकडे काढायची असतील तर तुमचं तुम्ही बघा. एजंटच्या ब्रोशरवर यातलं निम्मंही नसतं.

बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग?

बीएएमएसलाही साडेपाच वर्षं आणि नीट. 'एमबीबीएस मिळालं नाही म्हणून' घेणार असाल तर नका घेऊ, आयुर्वेदात खरोखर रस असेल तर घ्या. फिजिओथेरपी त्यापेक्षा कमी वेळात होते आणि आपल्या भागात गुडघे-कंबरवाल्यांची कमी नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं.

मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांना दहा मिनिटं बोलल्यावर कळतं की त्यांना डॉक्टर व्हायचंच नाहीये, त्यांना सध्याची नोकरी नकोशी झालीय. त्यांच्यासाठी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, क्लिनिकल डेटा, पब्लिक हेल्थची मास्टर्स असे दोन-एक वर्षांचे रस्ते आहेत. कधी कधी नुसती टीम बदलूनही भागतं.

राजीनाम्याआधी एखादी चाचणी?

आठवडाभर रजा घ्या. कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात सकाळी आठला जा आणि केसपेपरच्या खिडकीजवळ बसा. कुणी हाकलत नाही, बसणारे शेकड्याने असतात. माणसं काय विचारतात, डॉक्टर त्यांना किती मिनिटं देतात, दुपारी दोनला तेच डॉक्टर कसे दिसतात, ते बघा. शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला सोमवारी परत यावंसं वाटतंय का, एवढंच स्वतःला विचारा. मी हे २०२० च्या फेब्रुवारीत केलं होतं. चौथ्या दिवशी एका बाईंनी मला 'सिस्टर' समजून एक्स-रे कुठे काढतात विचारलं आणि मी उठून त्यांना तिथवर पोचवून आले. त्या दिवसापर्यंत कुठल्याही कामासाठी मी अशी न सांगता उठले नव्हते.

कागदपत्रांत काय अडतं?

जातवैधता आणि नॉन-क्रीमी लेअर लागू असेल तर निकालाची वाट न बघता आधीच काढा. अधिवास प्रमाणपत्र शोधून ठेवा. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीटवरचं आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नसेल, लग्नानंतर बायकांचं हमखास जुळत नाही, तर राजपत्र आणि लग्नाचा दाखला जोडावा लागतो. पदवीच्या कॉलेजातून सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन आणा. माझ्या कॉलेजात रेकॉर्ड रूमची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते, तीन खेपा झाल्या.

आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र. मी ठाणे कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्या काकांकडे गेले. काकांनी न बघताच विचारलं, "मुलाचा गॅप किती वर्षांचा?" म्हटलं, माझाच आहे, पदवीनंतर बारा वर्षांचा. त्यांनी चष्मा वर केला. "कारण काय टाकू? सगळे आजारपण टाकतात." मी म्हटलं, नोकरी करत होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि टाइप केलं: 'सदर कालावधीत नोकरी करीत असल्याने माझ्या शिक्षणात खंड पडला.'